भावाचं वजन

धाकट्या भावाला मी त्या उन्हाळ्यात जितकं मारलं, तितकं कुणी बैलालाही मारू नये. पोरगा एकोणीस वर्षांचा, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. मारायचं कारण एकच. तो चोरून पाणी प्यायचा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. परभणीत या दुखण्यावर काही इलाज नव्हता. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या पोटाला भोक पाडून नळी घातली. बाटल्यांनी औषधाचं पाणी आत सोडायचं, थोड्या वेळानं बाहेर काढायचं, आत किती गेलं नि बाहेर किती आलं ते मोजायचं. दोन दिवसांनी सूज उतरली तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "त्रेचाळीस किलो हे याचं खरं वजन. वर जे चढेल ते अंगात साठलेलं पाणी. रोज सकाळी वजन करा. दिवसाला दोन पेले पाणी, बस्स. पंचेचाळीसच्या वर गेला तर तसेच उठून इकडे या."

मी शाळामास्तरीण, त्यामुळे आकड्यावर माझा भारी विश्वास. घरात काटा कुठला? मोंढ्यात धान्याच्या एका आडतीवर मोठा काटा होता. सकाळी माल यायच्या आधी मी भावाला सायकलवर बसवून तिथं न्यायची. तो पोत्याच्या जागी उभा राहायचा, मापाडी काट्यावरचं वजन सरकवून मोठ्यानं आकडा सांगायचा. पहिल्याच आठवड्यात काटा पंचेचाळीसला टेकला. मी दोन पेल्यांचा एक पेला केला.

मग घरात युद्धच सुरू झालं. माठाच्या तोंडाला मी फडकं बांधलं तर त्यानं माठच फोडला आणि जमिनीवरचं पाणी चाटायला लागला. मी ओढायला गेले तर माझ्या मनगटाला चावला, रक्त निघालं. मी कानाखाली अशी वाजवली की भिंतीवर जाऊन आपटला. एकदा न्हाणीतल्या बादलीत तोंड घातलेला सापडला, तेव्हा केस धरून फरफटत अंगणात आणला. त्याचे हात मी जुन्या लुगड्यानं खाटेला बांधले. रात्री मला रडू यायचं, पण सकाळी परत तेच.

माय मधे पडायची. "माज्या बापानं हिरीचं पाणी घेतलं म्हनून त्याला रगत येईस्तोर मारलं गावानं. आता बुद्धाच्या घरात तू माज्या लेकराला पाण्यापायी मारायलीस?"

अगं बाई, ती विहीर वेगळी, हे दुखणं वेगळं! पण हे तिला शांतपणे समजावून सांगायचं सोडून मी तिच्यावरच ओरडायची.

त्यानंतर रोज चव्वेचाळीस येऊ लागले. काल चव्वेचाळीस, आज चव्वेचाळीस. मला वाटलं, माराचा गुण आला. त्याच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. दम लागायचा म्हणून तो बसूनच झोपायचा. मी म्हणायची, "काटा चव्वेचाळीस दाखवतोय, नाटकं करू नको."

दहाव्या दिवशी त्याचे ओठ काळेनिळे पडले, तेव्हा कुठं मी घाबरले. टांग्यात घालून स्टेशनवर आणला, मायही बरोबर होती. गाडीला वेळ होता. फलाटावर पार्सलचा काटा दिसला, राहवेना, म्हणून हमालाच्या मदतीनं त्याला त्यावर बसवला. एकोणपन्नास! परत बघायला लावलं. एकोणपन्नासच.

मायनं तो आकडा ऐकला. "मीच त्या मापाड्याच्या पाया पडले," ती म्हणाली. "म्हनलं, चव्वेचाळीसच सांग रे दादा, जास्त निघालं की ही पाणी तोडती. त्यो म्हनला, शेतकऱ्याच्या मालाचं वजन रोजच कमी सांगायलोय, तुमच्या लेकराचं सांगितलं तर काय बिघडलं? आन पाणी मीच पाजायले त्याला. तू शाळेत गेलीस की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर फलाटावर मी माझ्या मायला मारलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. हमालांनी मला मागं ओढलं. भाऊ काट्यावर बसून धापा टाकत होता. "अक्का, तिला नको गं. मीच मागायचो."

गाडीत त्याला आडवं होता येईना. माझ्या छातीला टेकून बसला. आतून घरघर ऐकू येत होती. मानवत रोड मागं पडलं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"अक्का, एक घोट."

मायनं फिरकीच्या तांब्याचं झाकण काढलं. मी तिचं मनगट पिरगाळलं, तांब्या हिसकावला आणि खिडकीबाहेर पालथा केला. "औरंगाबादपर्यंत थेंब मिळणार नाही!" मी ओरडले. तो त्या सांडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

सेलू यायच्या आत तो गेला.

एका घोटानं काही बिघडलं नसतं. ते मला तेव्हाही कळत होतं. माझी चूक पकडली गेली होती, आणि तो राग मी मरणाऱ्या पोरावर काढला, एवढंच.

मायनं पाणी पाजून पोरगं मारलं, असं मी शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत वर्षानुवर्षं सांगत आले. माय तिथंच बसलेली असायची, ऐकत. गाडीच्या डब्यात काय झालं ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.