शाइस्ताचे चौदा पेपर

वरूडच्या हुसेनचाचांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, आणि त्यांची मुलगी शाइस्ता हवाई दलात वैमानिक. शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची, हे मी अजूनही कुणालाही सांगते. दहा वर्षं तिनं लेहपासून ईशान्येपर्यंतच्या धावपट्ट्यांवर मालवाहू विमानं उतरवली. पुढे एका खासगी कंपनीची प्रवासी विमानं चालवली. २०१२ साली ती कंपनी बंद पडली, तेव्हा शाइस्ता सदतीस वर्षांची होती.

युरोपात काम मिळण्याजोगं होतं, पण तिथलं लायसन हवं. तिचे आधीचे उड्डाणाचे तास तिथल्यांनी धरले. लेखी परीक्षा मात्र माफ नाही. दीड वर्षात चौदा पेपर, प्रत्येकात शंभरपैकी पंच्याहत्तर.

"इतके वर्स इमान चालवलं, अन् आता पयलीपासून?" चाचांनी विचारलं.

"आभाळ तेच हाय अब्बा, कायदे त्यायचे हायेत. शिकाच लागते."

दुकानाच्या वरच्या खोलीत ती अभ्यासाला बसली. खाली हातोड्यांचा आवाज, वर नकाशे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून संध्याकाळी जाऊन तिला प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं तरी तिचं भागत नसे. बाकीची तीन उत्तरं चूक का, तेही ती मला समजावून सांगायची.

पहिल्या खेपेला व्हिएन्नाला जाऊन तिनं सात पेपर दिले. सहा सुटले. हवामानशास्त्रात त्र्याहत्तर.

मीच चिडले. "ईशान्येच्या ढगांतून वाट काढणारी तू! पेपरच चुकीचा असंन."

"नाही आकांक्षा. मी आपल्या पावसावरून उत्तरं देऊन राहिली होती. पंखावर बर्फ कसा धरते, ते मले समजलंच नव्हतं. हे इथंच समजलेलं बरं, वर गेल्यावर नाही."

आणि तिनं ते जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढलं.

मार्च २०१४ मध्ये गारपीट झाली. वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटची चाचांची बाग झोडपून निघाली, तोडणीला आलेली संत्री चिखलात पडली. चार दिवसांनी पुढच्या पेपरांसाठी तिचं व्हिएन्नाचं विमान होतं. ती तारीख पुढं ढकलायला निघाली, तर चाचा म्हणाले, "तू थांबली म्हून फळ परत झाडाले लागन काय? जाय, बेटा."

तीन दिवस ती मजूर बायकांसोबत बागेत फळं वेचत होती. चौथ्या दिवशी नखांतली माती तशीच घेऊन ती निघाली. उरलेले सगळे पेपर सुटले, हवामानात एक्क्याण्णव. मग उड्डाणाची चाचणी झाली. फोनवर एवढंच म्हणाली, "परीक्षकानं एक इंजिन बंद केलं. दुसऱ्यावर उतरवलं."

आता ती जर्मनीतून मालवाहू विमान चालवते. दलातून बाहेर पडलेले वैमानिक अधूनमधून तिला विचारतात, जवळची वाट कोणती? ती त्यांना आपल्या टिपणवह्यांचे फोटो पाठवते. सगळ्या चौदा वह्यांचे.