पानवाले सरांचं ऊन

पानवाले सर म्हटलं की नव्या माणसाला वाटायचं, पंचवटीत कुठेतरी यांची टपरी असणार. सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि खिशात कायम कुठल्यातरी झाडाचं पान बाळगायचे. रस्त्यात गाठ पडली की ते पान नाकासमोर धरून विचारायचे, "हा कारखाना कशावर चालतो, सांग!" मी त्यांचा जुना विद्यार्थी; अंबडला नोकरीला लागलो, दोन मुलींचा बाप झालो, तरी या परीक्षेतून सुटका नव्हती.

एकदा मी डिवचलं, "सर, तुमचं पान उन्हाच्या शंभर भागांतला जेमतेम एक भाग कामाला लावतं. सोलर पॅनेल वीस लावतं."

सर खो-खो हसले. "मान्य! पण तुझ्या पॅनेलला पिल्लं होतात का रे? शेवग्याची एक बी टाक, कारखाना आपला आपण उभा राहतो."

सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, फुप्फुसं थकत गेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि हीच थट्टा सरांच्या अंगावर आली. लाइन सारखी जायची. गच्चीवर पॅनेल बसवायचं, तर अंगणातल्या जांभळाची सावली आड येत होती. ते झाड दोघांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं. "तोडा," सर म्हणाले. "मला आता वीस भाग पाहिजेत." पॅनेलवाला मीच आणला. करवत सुरू झाली तसे सर आत काकूंजवळ जाऊन बसले. पॅनेल लागल्यावर त्यांनी ऑक्सिजनचा जास्तीचा सिलिंडरही परत पाठवून दिला.

मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली आणि मशीन बंद पडलं. आम्ही गच्चीवर धावलो. पॅनेलवाला फोनवर म्हणाला, "लाइन गेली की ही सिस्टिमपण बंद होते, साहेब. बॅटरी असती तर चाललं असतं." सर तापलेल्या पॅनेलवर हात आपटत ओरडत होते, "ऊन आहे रे! एवढं ऊन आहे!"

काकूंना रिक्षात घालून दवाखान्याकडे निघालो. द्वारका चौकाच्या गर्दीत त्या गेल्या.

तेराव्याला सर म्हणाले, "झाड उन्हाची साखर करून साठवून ठेवतं, हे जन्मभर शिकवलं मी. आणि बॅटरीचं विचारायचं मलाच सुचलं नाही. मी मारलं रे तिला." मी नुसता त्यांचा हात धरून बसलो.

जांभळाचं झाड तोडत होते तेव्हा पॅनेलवाल्याने मला विचारलं होतं, बॅटरी बसवायची का. "नंतर बघू," असं मी म्हणालो होतो. सरांना हे सांगायची अजून माझी छाती झालेली नाही.