फक्त बोर्ड लावला

दिग्रसच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि समोरच्या फ्लेक्सवर माझंच नाव वाचलं. "उत्तेजक द्रव्य तपासणी पथकाचे दिग्रस नगरीत सहर्ष स्वागत." खाली मी, डिग्रीसकट. भोवती जिल्हा कबड्डी संघटनेचे अध्यक्ष, सचिव आणि शुभेच्छुकांची पलटण, सगळे फोटोसकट. माझा फोटो मिळाला नसावा. त्या जागी गुलाबाचं फूल होतं.

मी तिथे गुपचूप आले होते, एवढंच काय ते सांगायचं राहिलं.

माझं काम नमुने घेण्याचं. खेळाडूने बंदी असलेलं औषध घेतलं का, ते लघवीच्या तपासणीत कळतं. मॅच संपली की चिठ्ठ्या टाकून खेळाडू निवडायचा, नमुना घ्यायचा, बाटली सील करून लॅबला पाठवायची. नमुना माझ्या डोळ्यांसमोर द्यावा लागतो, म्हणून मुलींच्या स्पर्धेला बाई डॉक्टर. आणि या कामात आधी कुणाला पत्ता लागू द्यायचा नसतो. फक्त संघटनेच्या सचिवाला आदल्या दिवशी फोन करायचा, कारण खोली, संडास, सीलबंद पाण्याच्या बाटल्या आणि मदतीला एक बाई ही सोय संघटनेने करायची असते. सचिव होते मनवर सर, शाळेत पी.टी. शिकवायचे. मी त्यांना फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

ते हार घेऊन धावतच आले.

"सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"कोणाले सांगू नका म्हणून."

"मग?"

"कोणालेच नाई सांगतलं मॅडम. घरच्या बाईलेबी नाई. तिनंबी बोर्डावरच वाचलं. म्या फक्त बोर्ड लावला."

मी भयंकर चिडले होते. पण त्यांचंही सगळंच चुकलं नव्हतं. कापसाचे ते वाईट दिवस होते आणि यवतमाळ जिल्ह्यात सारखी पथकं यायची. पाहणी पथक, अभ्यास पथक, केंद्रीय पथक. पथक आलं की बोर्ड, हार, शाल, नारळ आणि चहा. फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असायचा. त्याने 'कापूस' काढून 'उत्तेजक द्रव्य' टाकलं, झालं काम.

"बोर्ड नाई लावला तं पथक नाराज होते मॅडम," मनवर सर मलाच समजावत होते.

स्पर्धा एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होती. कापूसच आला नव्हता, त्यामुळे जागा भरपूर. गेटाशी एका आजीने मला अडवलं. "बाई, पथकात आमचं नाव लिवलं का?" मी म्हटलं, आजी, मी काही द्यायला आले नाही, मी लघवी न्यायला आले आहे. "तेवढंच रायलं होतं न्यायचं," म्हणाली आणि निघून गेली.

दिल्लीला ऑफिसात फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नमुने घ्या. बोर्डाचं रिपोर्टमध्ये लिहा, फोटो जोडा." मग म्हणाले, "पण गुलाब का?"

सोय मात्र चोख होती. धुतलेला संडास, दाराला नवा पडदा, सीलबंद बाटल्या, मदतीला सरांची बायको. फायनल यजमान संघाने, म्हणजे मनवर सरांनीच तयार केलेल्या पोरींनी जिंकली, ती वंदनामुळे. बोरी अरबची ही पोरगी. चढाईला गेली की समोरच्यांची धांदल उडायची. पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून तिचं नाव लागायचं होतं आणि त्यासाठी या स्पर्धेचं सर्टिफिकेट हवं होतं. मी चिठ्ठी उचलली. वंदना.

बक्षिसाला नाव पुकारलं, तर वंदना गायब.

आमचा नियम असा, की खेळाडूला निरोपाचा कागद मिळाल्यावर ती पळाली किंवा नाही म्हणाली, तर ती दोषीच धरली जाते. काही वर्षं बंदी. सर्टिफिकेट गेलं, भरती गेली. तो कागद अजून तिला मिळाला नव्हता, एवढीच फट उरली होती.

"शोधा तिला," मी म्हटलं.

फार शोधावं लागलं नाही. ती जिनिंगच्या गोडाऊनमध्ये लपली होती. पिकाचं वर्ष असतं, तर कापसाच्या ढिगात सापडली नसती. त्या वर्षी गोडाऊन रिकामं. कोपऱ्यात जर्सीतच बसलेली पोरगी दारातूनच दिसली.

"काहून पळाली वो पोरी?" मनवर सर ओरडले.

"मले वाटलं पथक येते, चहा पेते, जाते. हाफटाइमले समजलं का लघवी तपासतेत."

"मग त्यात काय भ्यायचं?" मी विचारलं.

ती सरांकडे बघायला लागली. सर छताकडे.

"सरांनी पावडर देल्लती. दुधातून. म्या रोज प्यायली."

"कसली पावडर, सर?"

"ताकदीची. एक एजंट देऊन गेल्ता. साऱ्याच पोरीयले देल्ली. मले वाटलं, लेकरं दुबळे हायेत, जरा..."

"डब्यावर काय लिहिलं होतं?"

"पैलवानाचा फोटो होता."

मी त्यांना सगळं सांगितलं. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला आधी खेळाडूच जबाबदार. कुणी दिलं, कशासाठी दिलं, हा पुढचा प्रश्न. खेळाडूच्या तोंडात काय जातंय ते बघणं हे संघटनेचं काम, संडास धुण्याच्या कितीतरी आधीचं. मनवर सरांचा चेहरा पडला. मग एकाएकी म्हणाले, "म्याबी प्यायलो, मॅडम. माझीबी घ्या. बंदी टाकाची तं माह्यावर टाका."

"सर, तुम्ही खेळत नाही."

"म्हणूनच म्हणतो ना. माह्यं काय जाते?"

वंदना उठली. "द्या मॅडम, कागद द्या. सरांनी देल्ली, तं पावडरीले नाई कसं म्हणू म्या?"

मला तेव्हा फार वाईट वाटलं. सरांवर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक होती. आणि माझ्या हातात कागद देण्यापलीकडे काही नव्हतं.

भीतीने तिला लघवीच होईना. बाहेर मनवर सर नळ सोडून उभे. टाकी रिकामी झाली, मग बादलीने पाणी ओतत राहिले. शेवटी सरांच्या बायकोने त्यांना घरी हाकललं, तेव्हा कुठे काम झालं.

अहवाल येईपर्यंत मनवर सर मला रोज फोन करायचे. वंदना एकदाही नाही. सरांनी सांगितलं, ती धड जेवत नाही, भरतीच्या प्रॅक्टिसला जात नाही. अहवाल आला, नमुना स्वच्छ. पावडरीत बंदी असलेलं काही नव्हतं. वंदनाच्या मते त्यात ताकदही नव्हती. ती पोलिसात लागली. संघटनेला गुप्तता मोडल्याबद्दल लेखी ताकीद आली. मनवर सरांनी ती फ्रेम करून ऑफिसात लावली, कारण तिच्यावर दिल्लीचा शिक्का होता.

पुढच्या हंगामात मी पुन्हा दिग्रसला उतरले. या वेळी सरांना ग्राउंडच्या गेटावरूनच फोन केला. आत बोर्ड होताच. पण माझं नाव नव्हतं, शुभेच्छुक नव्हते, गुलाबही नव्हता. पोलिसाच्या गणवेशातल्या वंदनाचा फोटो होता, पैलवानाच्या डब्यावर लाल फुली होती आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : "खेळाडूंनी कोणाचीही पावडर पिऊ नये. सचिवाचीसुद्धा."

खाली सचिव म्हणून मनवर सरांचं नाव आणि फोटो.

माझ्या बाटल्यांनी खेळाडू पकडता येतो. तो वाचवायचं काम संघटनेचं. आणि ते गुपचूप करून भागत नाही, त्याला बोर्डच लावावा लागतो.