बंद पंप आणि साडेपाचचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी मोबाईल काढून बसणारी. ठाण्याला एका लॅबमध्ये काम करते. पुरावा दाखवा नाहीतर गप्प बसा, असा माझा खाक्या. तरी हे लिहितेय... हसायचं तर हसा.

आमच्याकडे काचेच्या बोटभर पट्टीवर, म्हणजे चिपवर, माणसाच्या हृदयाच्या पेशी वाढवतात. त्या जगायला पोषक द्रव सतत वाहता ठेवावा लागतो. पूर्वी त्यासाठी बाहेर पंप असायचा, टकटक करून डोकं उठवायचा. नव्या चिपमध्ये पंप आतच बसवलेला, आवाज शून्य.

या पेशी रक्तापासून तयार करतात. रक्त देणाऱ्यांत माझे बाबाही होते. विठ्ठलवाडीच्या बाजूला पाणी सोडायच्या पंपावर ऑपरेटर होते, आयुष्यभर. "घ्या की, एवढ्याशा रक्ताने काय होतंय," म्हणालेले. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्या पेशींची शेवटची कुपी उरलेली आणि ती चिपवर लावायचं काम लॅबच्या सरांनी मलाच दिलं. बाबांचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी लावली. जुना पंप वायर जोडली की आपोआप सुरू व्हायचा. याला स्क्रीनवर बटण दाबावं लागतं. मी दाबलंच नाही. आवाज नसतोच, त्यामुळे कळलंही नाही... ठाकुर्लीला घरी येऊन निवांत जेवले.

सोमवारी सकाळी स्क्रीन बघितली — पंप चाललेला वेळ: शून्य. द्रव हलला नाही तर इतके दिवस या पेशी टिकतच नाहीत. मी मारलं त्यांना, एवढंच डोक्यात. रडत रडतच चिप मायक्रोस्कोपखाली धरली.

सगळ्या धडधडत होत्या. एका लयीत.

सरांना बोलावलं. चिप ठेवतो त्या पेटीतला कॅमेरा दर पाच मिनिटांनी फोटो काढतो, ते एकेक करून बघितले. शनिवारी दिवसभर द्रव जागच्या जागी. संध्याकाळी साडेपाचला चिपच्या एका बाजूची पातळी उतरायला लागली, दुसरीकडची चढायला. सातला थांबलं. रविवारी पुन्हा तेच, साडेपाच ते सात.

सरांनी चिप सपाट आहे का तपासलं, वायरी तपासल्या, लॅबला कुलूप होतं ना ते वॉचमनला विचारलं. "पेशी कितीही धडधडल्या तरी एवढा द्रव ढकलणार नाहीत गं," एवढंच म्हणाले. मग मला विचारलं, "साडेपाचला काय असतं?" "काही नाही," म्हणाले मी. सांगणार काय होते? साडेपाच ते सात... बाबांची पाणी सोडायची वेळ.

मी गुपचूप बटण दाबलं. पेशी पुढेही छान जगल्या. कारण अजून सापडलेलं नाही, सरांनाही नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, मनापासून ऐकेन.

त्या दिवशी घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडलेली पानं बाजूला सारून म्हणाली, "शनिवारचं सोड. रविवारी तरी कधी सुट्टी घेतली होती का त्यांनी?"

नव्हती घेतली. एवढंच मला नक्की माहीत आहे.