जुनी लेबलं

पानांच्या आठ करंड्यांवरची जुनी लेबलं न काढताच मी नवी चिकटवली. कुंभकोणम् स्टेशनच्या पार्सल ऑफिसात उमेदवारी करायला लागून मला तेव्हा अडीच महिने झाले होते, आणि पहिल्या दिवशी जी गोष्ट शिकवली होती ती हीच, की आधी जुनं लेबल काढायचं.

शिकवणारे आमचे हेडक्लार्क. वयस्कर, मोजकं बोलणारे. विड्याच्या पानांच्या करंड्या गावोगावी जातात आणि रिकाम्या होऊन परत येतात, तेव्हा त्यांच्यावर ‘कुंभकोणम्’ असं लेबल असतं. करंडी पुन्हा भरून आली, की आधी ओलं फडकं फिरवायचं, बोथट सुरीनं जुना कागद खरवडायचा, मगच नवं लेबल. हमालाला एकच गाव दिसलं पाहिजे.

पण त्या सकाळी माझ्या अंगात अक्षर संचारलं होतं. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात लिहिणारे, असं वडील सांगत. ती सगळी मंडळी खांद्यावरून वाकून बघत असावीत, अशा थाटात मी ‘नागपट्टणम्’ घोटत बसलो. सहाव्या लेबलाला गाडीची घंटा झाली. खरवडायचं राहिलं. करंडीची दुसरी बाजू कोरी होती. तिच्यावर नवं लेबल मारलं आणि माल चढवून दिला.

माल साक्कोट्टैच्या एका म्हाताऱ्या पानमळेवाल्याचा. सगळे त्यांना अय्या म्हणत. नागपट्टणम्‌हून दुसऱ्या दिवशी सकाळी मलायाला जहाज सुटणार होतं. जहाजावर पानं पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं अय्यांना पहिल्यांदाच संधी दिली होती. माल वेळेवर पोचला, तर दर फेरीला त्यांचीच पानं. नाही पोचला, तर पुन्हा विचारणार नाही. हे सगळं अय्यांनी मला लेबलं लिहिताना समोर उभं राहून सांगितलं होतं. मी मान डोलवत ‘ट्ट’ला गाठ मारत होतो.

गाडी गेल्यावर तासाभरानं हेडक्लार्कांचं लक्ष फडकं भिजवायच्या बादलीकडे गेलं.

“पाणी इतकं नितळ कसं?”

मी बादलीत पाहिलं. तळ दिसत होता. माझाही चेहरा दिसत होता, तो पाहवेना.

त्यांनी मायावरमला तार केली, कारण नागपट्टणम्‌चा माल तिथे गाडी बदलतो. मी म्हटलं, सायकलनं जाऊ का? ते म्हणाले, तू पोचशील तोवर करंड्या इकडे येऊन बसतील. मला ती थट्टा वाटली. अर्ध्या तासानं तारेचं उत्तर आलं: कुंभकोणम्‌च्या पानांच्या आठ करंड्या परतीच्या गाडीत चढवल्या, गाडी सुटली. तिथल्या हमालाला जी बाजू दिसली ती त्यानं वाचली. त्याची काय चूक?

मग मला कळलं, की आगगाडीच्या धंद्यात चूक करायला क्षण पुरतो, आणि ती परत येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागतं. बंदराकडे जोडून जाणारी पुढची गाडी दुसऱ्या दिवशी, जहाज सुटल्यावरच. बैलगाडीनं निघालं तरी जहाज गाठणं अशक्य. हेडक्लार्क म्हणाले, अय्यांना जाऊन तूच सांग, हाही शिक्षणाचाच भाग.

अय्या बाहेर बैलांना पाणी पाजत होते. मी तीनदा सुरुवात केली, तीनदा घसा खाकरला. शेवटी सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. धाकट्या भावाला विचारावं तसं फक्त विचारलं, “जहाज थांबेल का, तंबी?” जणू बंदर माझ्या वडिलांचंच होतं.

“नाही, अय्या.”

ते फलाटावर येऊन बसले. मीही बसलो, थोडं अंतर ठेवून. दुपारची गाडी आली. करंड्या उतरल्या. वर झाकलेली केळीची पानं उन्हानं लोळागोळा झालेली, आणि प्रत्येक करंडीच्या एका अंगाला माझं सुबक नागपट्टणम्.

आता निदान ओझं तरी उचलावं म्हणून मी पुढे सरसावलो, करंडीच्या कडेला हात घातला. अय्यांनी हमालाला हाक मारली.

“त्या तंबीला हात लावू देऊ नकोस रे. घरी तरी पोचू दे.”