व्हर्नाच्या बाहत्तर ममी

पहाटे साडेपाचला व्हर्ना क्लाइनने पीठ मळायला घेतलं तेव्हा तिचा डावा हात बरा होता. उजवा नव्हता. ओट्यावर टेकवला की तो गप्प राही, उचलला की झाडाच्या पानासारखा हलायला लागे. डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं होतं. व्हर्ना मात्र कुणी विचारलंच तर म्हणायची, "आज हाताला बोलायचंय."

हॅलोवीनच्या, म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायच्या सणाच्या आधीचा शनिवार. संध्याकाळी पाचला आगीच्या बंबांच्या शेडमध्ये गावाची मेजवानी होती. दरवर्षी त्या दिवशी दोन्ही बंब बाहेर रस्त्यावर काढायचे, आतली जमीन धुवायची आणि लांबच लांब टेबलं मांडायची. ज्याने त्याने आपापल्या घरून काहीतरी करून आणायचं. तिची मैत्रीण ओपल ट्रेंट चीज वळून केलेला भोपळा आणायची, कुणी घेवड्याची भाजी, कुणी सफरचंदाचा रस. आणि गेली एकेचाळीस वर्षं व्हर्ना ममी आणायची. बोटाएवढ्या सॉसेजना पिठाच्या पातळ पट्ट्या गुंडाळायच्या, कापडात गुंडाळलेल्या इजिप्तच्या प्रेतासारख्या, तोंडाशी नखाएवढी फट ठेवायची, खरपूस भाजायच्या आणि त्या फटीत मोहरीच्या पिवळ्या सॉसचे दोन ठिपके दिले की डोळे झाले. बाकीच्या बायका दुकानातलं डब्यातलं पीठ वापरत. व्हर्नाला ते पटत नसे. एकोणतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दर बुधवारी चारशे पाव तिच्या हातचे. पीठ कसं असावं हे तिला डब्याने सांगायची गरज नव्हती.

पण या वर्षीची गोष्ट नुसत्या मेजवानीची नव्हती.

ऑगस्टमध्ये शेगडी चालू ठेवून ती मागे टोमॅटो तोडायला गेली होती. ओट्यावरचं फडकं पेटलं, पडदा गेला, भिंत काळी झाली. बंब आला. अग्निशमन दलाचा प्रमुख कर्टिस वेंडेल तिच्या हातचे पाव खाऊनच मोठा झालेला. तो हसत हसत म्हणाला, "मिसेस क्लाइन, आम्हाला बोलवायचंच होतं तर फोन करायचात." पण त्याने तिच्या मुलीला, डेनीसला, डेटनला कळवलं ते काही हसत हसत नाही. त्याआधी जूनमध्ये व्हर्ना जिन्यावरून पडलीही होती. डेनीस आली ती एका वृद्धनिवासाचे कागद घेऊनच. स्वच्छ खोली, खिडकीतून बाग, खाली नर्स, आणि डेनीसच्या घरापासून दहा मिनिटांवर.

"आणि स्वयंपाकघर?" व्हर्नाने विचारलं.

"जेवण ते देतात, आई."

"मी स्वयंपाकघराचं विचारलं."

त्या दिवशी दोघींचं वाजलं. शेवटी व्हर्नानेच तोड काढली. मेजवानीच्या ममी ती एकटी करील, सहा डझन, एकही कमी नाही. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर कागदावर सही.

"नुसती सॉसेज गुंडाळण्यावर घर ठरवायचं?" डेनीस म्हणाली.

"पाव्हण्यांसमोर ठेवता येतील अशी गुंडाळण्यावर," व्हर्ना म्हणाली. "तू कर बघू."

डेनीस हसली होती, कारण ते तिला येत होतं. आठ वर्षांची असताना याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला खुर्चीवर गुडघे टेकून ती ते शिकली होती. पण डेनीस डावखुरी. आईच्या समोर बसून, आरशात बघितल्यासारखं शिकलेली. व्हर्नाच्या ममीची पट्टी डावीकडून उजवीकडे उतरायची, डेनीसची उजवीकडून डावीकडे. भाजून निघाल्यावर कुणाची कुठली ते घरात लगेच ओळखू यायचं. व्हर्नाचा नवरा रसेल धान्याच्या कोठारावरून आला की ट्रेवर वाकून म्हणायचा, "ही चर्चला निघालीय, ही चर्चमधून परत येतेय." रसेलला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

पीठ मळून झालं. ते फुगेपर्यंत व्हर्ना खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. देवाकडे काही मागायची तिला फारशी सवय नव्हती. सकाळी उठल्यावर आणि जेवताना आभार मानले की तिचं भागत असे. आज मात्र ती म्हणाली, "एवढा एक दिवस हात दे." मग मागितल्याची थोडी लाज वाटून लाटणं शोधायला उठली.

लाटणं जड गेलं नाही. कातण्याने पट्ट्या पाडतानाच पहिला त्रास झाला. चाक सरळ जाईना. पट्टी कुठे जाड, कुठे दोऱ्याएवढी. पहिल्या काही ममी चांगल्या जमल्या. तिने त्या हातात धरून दिव्याखाली पाहिल्या, आणि तिला वाटलं, होतंय की. मग हात दमला. तिने उजवं कोपर टेबलाला घट्ट दाबून धरलं, मनगट मांडीवरच्या उशीवर ठेवून पाहिलं, डाव्या हाताने गुंडाळून पाहिलं. नऊ वाजले, दहा वाजले. खाली पडलेलं सॉसेज उचलायला वाकली तर टेबलाच्या कडेला धरून उठायला वेळ लागला. अकराच्या सुमारास तिने शेवटचं ट्रेवर ठेवलं, मोजलं, पुन्हा मोजलं. बाहत्तर. फार देखण्या नव्हत्या, पण ममी होत्या. तिने वर ओलं फडकं घातलं, ट्रे एकेक करून फ्रीजमध्ये सरकवले, लाटणं आणि कातणं धुऊन पुसून खणात ठेवलं. मग खिडकीशी कोचावर जाऊन आडवी झाली ती गाढ झोपली.

जाग आली ती भाजलेल्या पिठाच्या वासाने. अडीच वाजले होते. स्वयंपाकघरात डेनीस उभी होती, बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या.

"मी येणार म्हटलं होतं ना बारापर्यंत," डेनीस म्हणाली. "तू झोपली होतीस. भट्टी लावली मी. ट्रे जड असतात."

"ट्रे उचलण्याचं आपण बोललो नव्हतो. ते चालेल," व्हर्ना म्हणाली.

"डोळेही दिले."

"डोळे मी देणार होते."

"असू दे गं, आई. चारला निघायचंय. केस विंचर तू."

व्हर्नाने पाहिलं, नाणी मांडावीत तशा ममी जाळीवर गार होत होत्या. डेनीस तिला पाठमोरी उभी राहून त्या मोठ्या ट्रेमध्ये रचत होती. ट्रेच्या खाली चिकटपट्टीवर व्हर्नाने स्वतः सकाळीच लिहून ठेवलं होतं, 'व्ही. क्लाइन', म्हणजे मेजवानी संपल्यावर भांडं घरी परत येतं. नळाशेजारी लाटणं ओलं उभं होतं. आपण ते पुसून ठेवलं होतं असं व्हर्नाला वाटलं. पण हल्ली असं वाटण्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता. ती केस विंचरायला गेली.

शेडमध्ये सोंगं घेतलेल्यांची गर्दी झाली होती. भुतं, चेटकिणी, एक छोटासा बंबवाला, पांढऱ्या चादरीतली तीन पोरं एकमेकांवर आपटत होती. ओपल ट्रेंटने डोक्यावर कापडी कावळा बांधला होता.

"आलीस का?" ती म्हणाली. "मला वाटलं, यंदा तरी माझ्या भोपळ्याला कुणी विचारील."

"तुझा भोपळा मी खाते ना," व्हर्ना म्हणाली. "कुणी बघत नसलं की."

"तोंड तेवढं शाबूत आहे बाईचं," ओपल म्हणाली आणि तिने व्हर्नाला दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसवलं. ते धरणं जरा जास्तच जपून होतं.

डेनीसने ट्रे टेबलावर ठेवून झाकण काढलं आणि माणसं जमली. कर्टिस वेंडेल सगळ्यांत पुढे. त्याने दोन तोंडात टाकल्या, तिसरी हातात धरली.

"मिसेस क्लाइन, तिसरीत असताना तुम्ही मला चौथा पाव दिला नव्हता. मी विसरलेलो नाही."

"तीन खाल्ले होतेस आधी."

"वाढतं वय होतं माझं." त्याने हातातली ममी उजेडात धरली. "बघा हो, हात तसाच आहे यांचा. काय डेनीस, यांना घेऊन जाणार म्हणत होतीस ना?"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. गाव लहान, शर्त सगळ्यांना ठाऊक होती. डेनीसने खाली पाहिलं, मग म्हणाली, "नाही. ठरलं होतं तसं ठरलं. आई जिंकली."

कुणीतरी टाळी वाजवली. ओपलच्या डोक्यावरचा कावळा हलला. ती पटकन डोळे पुसून म्हणाली, "आता पुढच्या वर्षीही माझा भोपळा उरणार." आणि तिने एका बशीत चार ममी घालून व्हर्नाच्या मांडीवर ठेवल्या.

व्हर्नाच्या छातीत ऑगस्टपासून बसलेला दगड हलला. घर राहिलं. ओटा राहिला, मागचे टोमॅटो राहिले, रसेलची जिन्याखालची गमबुटं राहिली. तिने मनात आभार मानले, आणि डाव्या हाताने एक ममी उचलली.

पट्टी उजवीकडून डावीकडे उतरत होती.

तिने ती खाली ठेवून दुसरी घेतली. तीही तशीच. तिसरी तशीच. चौथी तिची होती, डावीकडून उजवीकडे, जरा जाडी. व्हर्ना खुर्चीतून पुढे वाकली. टेबलावरच्या ट्रेमध्ये रांगाच्या रांगा होत्या, एकसारख्या, घट्ट, पिवळे डोळे नीट जागच्या जागी. साऱ्या चर्चमधून परत येत होत्या. मध्येच कुठेतरी एखादी निघालेली.

डेनीस टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे बघत होती. मग तिने नजर वळवली आणि कुणाला तरी रस ओतून दिला.

व्हर्नाने चारही ममी खाल्ल्या. अन्न टाकणं तिला कधी जमलं नव्हतं. लोक येत होते, तिचा खांदा दाबत होते, अभिनंदन करत होते. ती "हो हो" म्हणत होती. प्रत्येक 'हो' तिला जड जात होता. आयुष्यात तिने खोटी साक्ष दिली नव्हती, आणि इथे तर साऱ्या गावासमोर गप्प बसून ती देत होती.

सातला त्या निघाल्या. रिकामा ट्रे मागच्या सीटवर खडखडत होता. गावातला शेवटचा दिवा मागे पडल्यावर व्हर्नाने विचारलं, "बाहत्तरांत माझ्या किती होत्या?"

डेनीसने न कळल्याचा आव आणला नाही. थोडं पुढे जाऊन म्हणाली, "अकरा."

"बाकीच्या?"

"आई, जाऊ दे ना."

"बाकीच्यांचं काय झालं होतं?"

"पट्ट्या सुटल्या होत्या. काहींना..." डेनीस थांबली. "काहींना गुंडाळलेलंच नव्हतं. सॉसेजवर पिठाचा तुकडा नुसता ठेवलेला होता."

व्हर्नाला सकाळचा ट्रे आठवला. तिला त्यावर ममी दिसत होत्या. बाहत्तर. दोनदा मोजलेल्या. ती ते चित्र कितीतरी वेळ निरखत राहिली, आणि ते चित्र काही बदलेना. हाताचं तिला माहीत होतं. डोळ्यांनी आणि मनानेही असं परस्पर ठरवावं, हे तिला माहीत नव्हतं.

"मग मला उठवलं का नाहीस? तू जिंकली होतीस."

"खाली तुझं नाव लावलेलं होतं," डेनीस म्हणाली. "तो ट्रे तसा कर्टिससमोर, ओपलसमोर ठेवायचा? तुझं नाव लावून? मला नाही जमलं. म्हटलं, पुढचं पुढे बघू. रोज येईन मी हवं तर."

"तीन तास जाऊन येऊन."

"येईन म्हटलं ना."

पोरीनं आपल्याच हाताने, उलट्या वेढ्यांनी, स्वतःला हरवलं होतं. व्हर्नाने तिच्या मांडीवर हात ठेवला. उजवा. तो हलत राहिला.

"छान झाल्या होत्या," व्हर्ना म्हणाली. "तिसऱ्या वेढ्याला अजून ढिली सोडतेस तू. तेवढं बघ."

घरी आल्यावर तिने कोटही न काढता शेगडीची चारही बटणं हाताने चाचपून पाहिली. बंद होती. मग ट्रे धुवायला घेतला. डेनीस दाराशी उभी.

"सोमवारी कागद आण," व्हर्ना पाठमोरीच म्हणाली. "आणि खोकी आण. दुकानाच्या मागे ठेवलेली असतात, विचारलं की देतात. ओपलला मी सांगते. मीच सांगेन, तू नाही."

"आई, मी म्हटलंय ना की तू जिंकलीस."

"तू म्हटलंस. मी कुठे म्हटलं?"

डेनीस पुढे येऊन तिच्याशेजारी उभी राहिली आणि तिने फडकं घेतलं. व्हर्ना धूत होती, ती पुसत होती. दोघी एकाच बाजूला अशा क्वचितच उभ्या राहिल्या असतील.

"गुरुवारी हॅलोवीन आहे," जरा वेळाने डेनीस म्हणाली. "गोळ्या आणून ठेवू? पोरं येतील दारोदार."

दारावरचा दिवा लावलेला असला की पोरं येतात. विझवलेला असला की पुढच्या घरी जातात. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही. चव्वेचाळीस वर्षं त्या एका संध्याकाळी व्हर्नाचा दिवा कधी विझलेला नव्हता. रसेल गेला त्या वर्षीही नाही.

तिने हात पुसले, दारापर्यंत गेली. बटण दाबायला बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि बाहेरची पायरी अंधारात गेली.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरांना सवय होऊ दे."