तिसरी बाही

पडद्यावर नुसता हात दिसतो तेव्हा त्या हातामागे एक आख्खी बाई असते, तिला गुडघे असतात आणि ते दुखतात, हे तुमच्या कधी डोक्यात आलंय का? खरं सांगा. आमच्या शुब्र्यात, कैरोच्या या भागात, तरी कुणाच्या आलं नव्हतं. कैरोभर कुणाच्या आलं नव्हतं.

रमजानचा महिना, संध्याकाळची तोफ झालेली, उपास सुटलेला, जास्वंदीच्या सरबताचे पेले अजून ओले, आणि घराघरातून एकच आवाज यायचा. सुहा अल-बद्रीचा. 'सात दारं' नावाचा टीव्हीवरचा तो खेळ, त्यातलं तिचं ते लाडिक, "आज कुणाचं दार उघडू?" मग पडदाभर काचेचं पिंप, त्यात देशभरातून आलेली पोस्टकार्डं, आणि त्यात शिरणारा एक लांबसडक बोटांचा हात. हात कार्डं ढवळायचा, एकाला शिवायचा, सोडायचा, दुसरं उचलायचा. आमच्या आया त्या वेळी श्वास घ्यायच्या थांबायच्या. सुहाचा हात म्हणजे नशिबाचा हात, असं बोलायची पद्धतच पडली होती.

हात सुहाचा नव्हता. इन्शिराह बयूमीचा होता.

सुहाला नखं खायची खोड. पार कातडीपर्यंत कुरतडलेली. असला हात एवढा मोठा करून कोण दाखवणार? खेळ काढणाऱ्या कंपनीच्या मालकानं कपडेपटात नजर फिरवली. तिथं इन्शिराह काज करत बसली होती, नवं लग्न झालेली, काटकुळी. "ए पोरी, हात दाखव." तिनं दाखवला. झालं.

तेव्हापासून सुहाच्या प्रत्येक झग्याला इन्शिराह तीन बाह्या कापायची. दोन झग्याला, तिसरी स्वतःला. त्याच कापडाची, त्याच काठाची, खांद्यापाशी नाडीनं बांधायची. चित्रीकरण सुरू झालं की सुहा आपला उजवा हात पाठीमागे लपवायची, आणि तिच्या मखमली खुर्चीआड गुडघ्यांवर बसलेली इन्शिराह तिच्या काखेखालून आपला हात पुढे काढायची. दिसत काही नसे. अंदाजानं पिंप, अंदाजानं कार्ड. नाकाशी सुहाच्या काखेतलं अत्तर आणि अत्तराखालचा घाम. हसू नका, रमजानचा आख्खा महिना असं बसून बघा आणि मग हसा.

नवरा फतही रेल्वेत डबे जोडायचा. त्यानं एकच विचारलं होतं, "चेहरा दिसतो का?"

"नाही."

"मग जा."

कंपनीनं तंबी दिली होती, कुठं बोलायचं नाही. ती बोलली नाही. पण एक गोष्ट तिला फार आवडायची. दिवे लागले की स्टुडिओभर हाक जायची, "इन्शिराह! बाही!" एवढ्या मोठ्यानं तिचं नाव त्याआधी कुणी घेतलं नव्हतं, आणि त्यानंतरही घेतलं नाही. आमच्या गल्लीत पहिला मुलगा झाला की बाईचं नाव संपतं. हानी झाला आणि ती उम्म हानी झाली. हानीची आई. नवऱ्यानं हानीची आई म्हणायचं, दुकानदारानं हानीची आई म्हणायचं, वीजबिलवाल्यानंसुद्धा. याला आमच्याकडे मान म्हणतात.

खेळ बंद पडला. कंपनी बुडाली. फतही वारला. हानी कुवेतला गेला, तिथलाच झाला, तिथल्या चांगल्या घरातली बायको केली. इन्शिराहनं तळमजल्यावर शिलाईयंत्र मांडलं आणि गल्लीच्या पँटी आखूड करत बसली.

अशीच एक पँट घेऊन एकदा उस्ताद वगदी आले. निवृत्त भूगोल मास्तर, कडक इस्त्री, मिशीला रंग. ती टाचण्या लावायला वाकली आणि मास्तर टाचणी टोचल्यासारखे ओरडले.

"हा डाग! अंगठ्याखालचा!"

"इस्त्रीचा आहे. ओरडताय काय? अजून टोचली नाही."

"दुसऱ्या वर्षीच्या पाचव्या भागात हा डाग नव्हता. सहाव्यात आला. मधल्या दिवशी भाजलं होतं का तुम्हाला?"

इन्शिराहच्या हातातली टाचणी खाली पडली. तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं ते या माणसाला ठाऊक होतं.

तर हे असले लोक जगात आहेत. वगदी आणि त्यांचे चार-पाच मित्र, केस पिकलेली माणसं, दर गुरुवारी उतरत्या दुपारी, अस्रच्या नमाजानंतर, कोपऱ्यावरच्या कहवाखान्यात बसून 'सात दारं' चघळायचे. जुन्या फिती कुणाकुणाकडून जमवलेल्या, पाहून पाहून झिजवलेल्या. चौथ्या दाराची कडी डावीकडची उजवीकडे कधी गेली? सुहाच्या कुत्रीचं नाव काय? पिंपाला तडा गेल्यावर तो कशानं झाकला? त्यांचा एक कायदा होता. प्रश्न असा टाकायचा की बाकीच्यांना उत्तर येता कामा नये. ज्याचा प्रश्न अडला त्याचा चहा बाकीच्यांनी पाजायचा. आणि उत्तर कंपूबाहेर गेलं की प्रश्न जळाला. जळलेल्या प्रश्नाला कुणी कुत्रं विचारत नाही.

'सुहाच्या हिरव्या झग्याला बाह्या किती?' या वगदींच्या प्रश्नानं कंपू आडवा झाला. उत्तर पटेना तेव्हा ते एकेकाला पँट घेऊन इन्शिराहकडे आणू लागले. नव्या, मापाच्या पँटी घेऊन म्हातारे यायचे आणि हाताकडे बघत बसायचे.

"हाज्जा, पहिल्या वर्षी एकदा तुम्ही कार्ड धरून सोडलंत. का? आमच्यात यावरून वीस वर्षं भांडण आहे."

"शिंक येत होती."

"शिंक! ऐकलं का, वगदी? शिंक! आणि हे म्हणत होते, आतून इशारा होता."

"आणि हज न करताच मला हाज्जा म्हणताय, तर मक्केचं तिकीट कधी काढताय?"

म्हातारे खिदळायचे. वरच्या मजल्यावरची झकिय्या, जी लोणची विकायची आणि जिच्या जिभेला लोणच्यापेक्षा जास्त मीठ होतं, जिन्यातून ओरडायची, "अगं, नुसतं काय दाखवतेस? जिराफ बघायलासुद्धा तिकीट लागतं!"

इन्शिराहला बरं वाटायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांनी कुणी त्या हाताची चौकशी करत होतं. पण चौकशी हाताचीच. हिवाळ्यात पिंपाची काच गार लागायची का, अंगठी पितळेची का, नख कुठल्या बोटाचं तुटलं. तुम्ही कोण, कुठल्या, नाव काय, हे एकानंही विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते सभ्यपणाचं होतं.

मग यंदाच्या रमजानाआधी एका वाहिनीनं जाहिरात सुरू केली. 'सात दारं'ची चाळीस वर्षं, सुहा अल-बद्रीचा सत्कार. जाहिरातीत तोच हात, तेच पिंप, आणि वर सुहाचा आताचा, ताणून गुळगुळीत केलेला चेहरा सांगत होता, "या हातानं मी देशाला हसवलं. या हाताचा मी विमा उतरवला होता."

इन्शिराहनं यंत्राचं पायडल थांबवलं.

"झकिय्या, ऐकलंस?"

"ऐकलं. तुझ्या हाताचा विमा उतरला, बाई. आता तोडून घे आणि वसूल कर."

"चेष्टा नको. मला माझं नाव पाहिजे."

"नाव घेऊन काय चाटणार आहेस?"

"चाटेन नाहीतर जाळेन. माझं आहे."

तिनं कुवेतला फोन लावला. हानीनं ऐकून घेतलं आणि नेहमीचंच म्हणाला, "आई, तोंड उघडू नकोस. सासरच्यांना काय सांगू? माझी आई नटीच्या काखेत बसायची?"

वगदींना त्या कार्यक्रमाचं आमंत्रण होतं, खेळाचे सर्वांत जुने भक्त म्हणून. नवी पँट शिवून घ्यायला आले तेव्हा इन्शिराहनं फीत त्यांच्या कमरेभोवती धरूनच ठेवली, सुटका नाही अशी.

"उस्ताद, तिथं तुम्ही सांगायचं. हात कुणाचा ते."

वगदी पांढरे पडले. "हाज्जा, तो माझा प्रश्न आहे. जळून जाईल."

"जळू दे. माझी चाळीस वर्षं जळली."

वगदींनी एकदा मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सांगतो. तुमच्यासाठी जाळतो."

"नुसतं 'एक बाई' नाही. नाव सांगायचं. इन्शिराह बयूमी. म्हणून दाखवा."

वगदींचे कान लाल झाले. मान खाली. "लक्षात आहे, हाज्जा. लक्षात आहे." म्हणून मात्र दाखवलं नाही. तिथंच तिनं ओळखायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी उपास सुटल्यावर निम्मी गल्ली तिच्या खोलीत. झकिय्यानं कताएफ, रमजानातले ते गोड कानवले, तळून आणले होते. पडद्यावर सुहा, टाळ्या, जुने तुकडे. मग वगदी उठले. आणि माणूस बोलला, हे कबूल केलं पाहिजे.

"सुहाबाई, माफ करा. तुमच्या झग्यांना तीन बाह्या होत्या. तिसऱ्या बाहीतला हात तुमचा नव्हता."

सुहाचा हात आपोआप पाठीमागे गेला, जुन्या सवयीनं, आणि कॅमेऱ्यानं तो नेमका टिपला. मग आरडाओरडा. सूत्रसंचालक पोरगा चेकाळून धावत आला. "मग कुणाचा? उस्ताद, नाव सांगा! सगळा देश ऐकतोय!"

इन्शिराहनं डोक्यावरच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. खोलीत कुणी चावतसुद्धा नव्हतं.

वगदींनी ओठ उघडले. मिटले. समोर हजार माणसं, वर दिवे. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि अदबीनं मान झुकवली.

"आमच्या गल्लीतली इज्जतदार बाई आहे, बेटा. तिचं नाव मी असं चारचौघांत घेणार नाही. हानीची आई. एवढं पुरे."

टाळ्या! अहो, उभं राहून टाळ्या! पोरगा म्हणाला, "याला म्हणतात अस्सल जुनी माणसं!" सुहासुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवायला लागली. तिला सुटल्यासारखं झालं असणार. नाव नसलेल्या बाईशी कसली बरोबरी? पडद्याखाली पट्टी धावू लागली, 'हानीच्या आईचा हात'. खोलीत बायका ललकाऱ्या देत होत्या. इन्शिराह तेवढी बसून होती.

"आता काय झालं?" झकिय्या म्हणाली. "तुलाच म्हणाला की."

"शुब्र्यात हानी किती आहेत, मोज."

कार्यक्रम संपायच्या आत कुवेतहून थेट फोन आला. आईला नव्हे, वाहिनीला. "मी हानी. ती माझी आई." शब्द पाठ केल्यासारखे नेमके. वाहिनीनं त्याचा फोटो लावला, सूटातला. सत्काराची ढाल त्याच्या नावानं जाहीर झाली, 'त्या थोर मातेचा पुत्र' म्हणून. तिचं तोंड बंद करणारा तोच, आणि तोंड भरून बोलणाराही तोच.

त्यानंतरच्या गुरुवारी इन्शिराह कहवाखान्यात शिरली. आमच्या भागात तिच्या वयाची बाई कहवाखान्यात शिरत नाही. फासे थांबले, गुडगुड्या थांबल्या. कंपूनं घाईघाईनं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"उस्ताद, मी त्याच दिवशी तुमच्याकडून नाव म्हणून घ्यायला हवं होतं."

"हाज्जा, मी तुमची अब्रू राखली. माझा सगळ्यात मोठा प्रश्न जाळला तुमच्यासाठी!"

"नाव का घेतलं नाही?"

"बाईमाणसाचं नाव?" वगदी खरोखर गोंधळले होते. हा माणूस लबाड नव्हता, तेच तर जास्त लागतं. "अहो, माझ्या आईचं नाव मी शाळेत कधी कुणाला कळू दिलं नाही. पोरांनी मारलं, तरी सांगितलं नाही. तीच इज्जत मी तुम्हाला दिली."

"सुहाच्या कुत्रीचं नाव काय?"

"लुलु," कंपूतला एकजण सवयीनं बोलून गेला, आणि मग त्यानं जीभ चावली.

"लुलु," इन्शिराह म्हणाली. "कुत्रीची इज्जत नाही गेली?"

वगदींनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. "आता एकदा सांगतो, हाज्जा. इथं, सगळ्यांसमोर."

"इथं कोण ऐकतंय? जळलेला प्रश्न आहे तो. तुमचाच कायदा."

ती घरी आली. कंपूच्या पँटी पडल्या होत्या, मापाच्याच, उगाच आणलेल्या. तिनं त्या न उसवता घड्या घालून झकिय्याच्या हाती परत पाठवल्या, वर निरोप, की बघायला येऊ नका. हानीचा फोन आला. "आई, बघितलंस? आपलं नाव झालं."

"तुझं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ढाल त्यानं कुवेतच्या दिवाणखान्यात लावलीय. सासरच्यांना फार आवडली म्हणे.

आता तो तुकडा फोनाफोनांतून फिरतोय. म्हातारा मास्तर, छातीवर हात, झुकलेली मान, आणि खाली हजारो लोकांचे सलाम, सगळे हानीच्या आईला. फिरत फिरत तो तुमच्याकडेही येईल. आला की एवढं करा. मास्तरांच्या अदबीला डोळे पुसत बसू नका. त्या सलामांच्या खाली पूर्ण नाव लिहा, इन्शिराह बयूमी. आणि बाईमाणसाचं नाव असं उघड्यावर कशाला, म्हणून तुम्हाला कुणी शिकवायला आला, तर भांडू नका, त्याला त्याच्या आईचं नाव विचारा, आणि तो सांगेपर्यंत हलू नका.